पाण्याचा करार झाला, माणसांचा कधी?

२३ ऑगस्ट २०१६. मुंबईत देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव समोरासमोर बसले आणि महाराष्ट्र-तेलंगणाने तीन बंधाऱ्यांच्या करारावर सह्या केल्या. गोदावरीवर मेडीगड्डा, प्राणहितेवर तुम्मिडीहेट्टी आणि आमच्या पैनगंगेवर चनाखा-कोरटा. पैनगंगेच्या पाण्याची बोलणी १९७५ पासूनची. चाळीस वर्षे जे कागदावर पडून होते, ते दोन सरकारांनी मनावर घेताच हलले. चनाखा-कोरटा बंधाऱ्याची पातळी २१३ मीटर ठरली. आदिलाबादच्या सुमारे ५० हजार एकरांना पाणी द्यायचे ठरले. चनाखा पलीकडचे, यवतमाळ जिल्ह्यातले. कोरटा अलीकडचे, आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातले. दोन राज्यांतली दोन गावे एका नावात बसली आणि कोणाच्याही अस्मितेला तडा गेला नाही.

म्हणजे करार करता येतो. अधिकारी एकत्र बसतात, नकाशे पसरतात, एकेका मीटरवरून भांडतात आणि शेवटी सही करतात. मग याच नदीच्या दोन काठांवर राहणाऱ्या, एकमेकांच्या घरात मुली देणाऱ्या, एकमेकांच्या शेतात कापूस वेचायला जाणाऱ्या माणसांसाठी असे एक पान कधी लिहिले गेले? शाळेसाठी, दवाखान्यासाठी, एसटीच्या तिकिटासाठी? माझ्या पाहण्यात तरी नाही. आजचे सदर त्या न लिहिलेल्या पानाबद्दल आहे.

सुरुवात मुलांपासून करतो, कारण त्यांचे नुकसान भरून येत नाही.

आमच्या जिल्ह्यातला हुशार मुलगा दहावीनंतर कुठे जातो? नांदेडला, नाही तर लातूरला. डॉक्टर व्हायचे असेल तर हैदराबादपेक्षा नांदेड जवळ, ओळखीचे आणि भाषेचे. नीटचे शिकवणी वर्ग तिथे गल्लोगल्ली आहेत. मामा-मावशी आहेत, खोली भाड्याने मिळते, खानावळीतली भाकरी घरच्यासारखी असते. आजवर हे सुरळीत चालले होते. जुलै २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने आदेश काढला. राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर नववी ते बारावी ही सलग चार वर्षे तेलंगणातच शिकलेले असावे, आणि बारावीही इथूनच उत्तीर्ण झालेली असावी. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायम ठेवला.

आता दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. दहावी आदिलाबादला आणि बारावी नांदेडला केलेले मूल तेलंगणाला बाहेरचे आणि महाराष्ट्रालाही बाहेरचे. बापजाद्यांचे घर इथे, मतदार यादीत आई-बाप इथे, शेताचा पट्टा इथला. तरी ते मूल दोन्ही राज्यांना परके.

हैदराबादच्या मुलाचा हक्क राखायला नियम केला हे मला समजते. राज्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांत राज्यातल्या मुलांना आधी जागा मिळावी, यात गैर काही नाही. पण काही सरकारी नोकरदारांच्या, सैनिकांच्या मुलांसाठी सवलतीचा विचार होऊ शकतो, तर सीमेवरच्या मुलांसाठी का नाही? नियम लिहिणाऱ्याने जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला असता तर त्याला दिसले असते की आदिलाबाद तीन बाजूंनी महाराष्ट्राला लागलेले आहे. आमच्या पालकांना मी एवढेच सांगतो: पोराला अकरावीला नांदेडला पाठवण्याआधी हा नियम दोनदा वाचा. तो तेलुगू आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत ठळक छापून आला. ज्यांच्या मुलांचे सर्वांत जास्त नुकसान व्हायचे आहे, त्यांच्या भाषेत तो पुरेसा पोहोचलाच नाही.

ही बातमीची उपासमार हा वेगळाच विषय आहे. ‘ईनाडू’ने १९८९ मध्ये जिल्ह्या-जिल्ह्याची स्वतंत्र पाने काढली आणि तेलुगू वाचकाला गावातल्या बोअरवेलपासून मंडळ कार्यालयातल्या लाचेपर्यंत सगळे घरबसल्या कळू लागले. मराठी वाचणाऱ्या आदिलाबादकराला नांदेड आणि यवतमाळची बातमी मिळते, आपल्या जिल्ह्यातल्या बेल्याची क्वचितच. त्याला आपल्या जिल्ह्याची बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते, आणि ऐकलेल्या बातमीवर अर्ज करता येत नाही. दर सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकणारी प्रजावाणी भरते. मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्याला तिथे जाण्याआधी तेलुगूत अर्ज लिहून देणारा माणूस शोधावा लागतो.

हे सगळे कोणी नशिबावर ढकलू नये. याचा कायदा आहे, आणि तो सत्तर वर्षांचा होत आला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्रात. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा काढून पलीकडे दिले. रेघ भाषेवर ओढली असे सांगितले गेले. पण भाषा शेताच्या बांधावर संपत नाही, आणि बेला, जैनथ, तामसी, तलमडगू, भीमपूरच्या पट्ट्यातली मराठी गावे अलीकडेच राहिली. असे होणार हे दिल्लीला ठाऊक होते. म्हणून सातव्या घटनादुरुस्तीने त्याच दिवसापासून राज्यघटनेत ३५०-अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून घेता येईल अशी पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करावी, असे ते सांगते. त्याच वर्षी केंद्राने जे निवेदन काढले त्यात मोजमापही दिले. शाळेत अशी ४० मुले किंवा वर्गात १० मुले असली की मातृभाषेतून शिकवणारा शिक्षक द्यायचा. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही छापायच्या.

ज्या दिवशी आमचे राज्य बदलले त्याच दिवशी आमचा हक्कही लिहिला गेला. पहिली गोष्ट झटकन अमलात आली.

आदिलाबादमध्ये मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आजही आहेत, आणि त्या चालवणाऱ्या शिक्षकांना माझा मनापासून नमस्कार आहे. एकेक गुरुजी दोन-दोन, तीन-तीन वर्ग सांभाळतात. गुरुजी निवृत्त झाले की जागा रिकामी पडते. मग मुले कमी होतात. मुले कमी झाली की शाळा चालवणे परवडत नाही असा शेरा पडतो. शिक्षक आधी गेला आणि मुले नंतर गेली, हा क्रम शेऱ्यात कुठेच लिहिलेला नसतो. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या प्रत्येक शाळेत तेलुगू सक्तीची झाली. चांगले झाले. ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा लेकराला आलीच पाहिजे, आणि आमच्या मुलांना ती खेळता खेळता येते. २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आले. त्यालाही कोणा पालकाचा विरोध नाही. पण तेलुगूचा शिक्षक, इंग्रजीचा शिक्षक असे मोजताना मराठीचा रकाना कोरा ठेवायचा, याला सोय म्हणत नाहीत.

आणि हे मागताना मराठी माणसाने एक गोष्ट विसरू नये. या जिल्ह्यात मराठीच्या आधीपासून गोंडी आहे, कोलामी आहे. गोंडाचे पोर घरी गोंडी बोलते, बाजारात मराठी, शाळेत तेलुगू आणि परीक्षेत इंग्रजी. त्याच्या वाट्याला आमच्यापेक्षाही कमी आले. १९४० नंतरच्या वर्षांत, कोमुरम भीमचा जोडेघाटला बळी गेल्यावर, मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी मारलवाईला गोंड शिक्षक तयार करायला घेतले. तिथली गोंडी पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली. त्या काळात आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करणारा एक मराठी अधिकारी होता, सेतुमाधवराव पगडी. पुढे मोठे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, पण आम्ही त्यांना वेगळ्या कारणाने आठवतो. ते गोंडी शिकले, गोंडीवर लिहिले. निजामाच्या नोकरीतल्या मराठी माणसाला जे जमले, ते आज लोकशाहीतल्या तीन भाषांच्या अधिकाऱ्यांना मिळून जमत नसेल तर त्यांनी पगडींचे आदिलाबादवरचे लेखन काढून वाचावे. मराठी शिक्षकाच्या जागेची मागणी करणाऱ्या प्रत्येक निवेदनात गोंडी आणि कोलामी शिक्षकाची मागणी असलीच पाहिजे. नसेल त्या निवेदनावर माझी सही मिळणार नाही.

*

आता जरा मुंबईकडे वळतो.

महाराष्ट्राला सीमाभाग म्हटला की बेळगाव आठवते. आठवलेच पाहिजे. तिथल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, पिढ्या घातल्या. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली तेव्हा मला आनंद झाला. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मराठी माणसाच्या आजारपणाचा खर्च महाराष्ट्र उचलू शकतो, हे त्या निर्णयाने सिद्ध झाले.

मग पैनगंगेच्या आमच्या काठावर मराठी माणूस आजारी पडत नाही का? आम्ही महाराष्ट्रात यायचे आंदोलन केले नाही, बस जाळली नाही, विधानसभेच्या पायऱ्यांवर आमच्यासाठी कोणी फलक धरला नाही. शांत राहिलेल्या सीमेची आठवण ठेवायची पद्धतच नाही असे दिसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आमच्या गावांतही पेढे वाटले गेले. त्या दर्जाबरोबर येणाऱ्या पैशातून बेल्याच्या शाळेत एक मराठी शब्दकोश आणि शंभर गोष्टींची पुस्तके आली, तर आम्ही पुन्हा पेढे वाटू.

दवाखान्याची गोष्ट उलट दिशेनेही खरी आहे. आदिलाबादचे रिम्स, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, २००८ मध्ये सुरू झाले. केळापूर, किनवट, माहूरकडच्या रुग्णाला नागपूर-नांदेडपेक्षा ते जवळ पडते. बाळंतपणाची बाई, साप चावलेला गडी, अपघातात सापडलेला ट्रकवाला, सगळे तिकडूनही येतात. डॉक्टर त्यांना परत पाठवत नाहीत. पण तेलंगणाची आरोग्यश्री योजना तेलंगणाच्या कार्डावर आणि महाराष्ट्राची फुले योजना महाराष्ट्राने निवडलेल्या दवाखान्यांत. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही कार्डे प्लॅस्टिकचे तुकडे होतात. बेळगावसाठी वापरलेला रस्ता इथेही वापरा. रिम्स महाराष्ट्राच्या यादीत घ्या, यवतमाळ आणि नांदेडची सरकारी रुग्णालये तेलंगणाच्या यादीत घ्या. याला जमीन लागत नाही, सिमेंट लागत नाही, पर्यावरणाची परवानगी लागत नाही.

*

सर्वांत मोठी लाज केरामेरीच्या डोंगरात आहे. २०१६ पर्यंत तो भाग आमच्याच जिल्ह्यात होता, आता कोमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. पलीकडे चंद्रपूरचा जिवती तालुका. मधे परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा, लेंडीजाळा, भोलापठार अशी १४ गावे, ज्यांच्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. १९९७ मध्ये निकाल महाराष्ट्राच्या बाजूने गेला. तरी तेलंगणाचा हक्क सुटला नाही आणि महाराष्ट्राचा कारभार पुरता बसला नाही.

बाहेरून येणारे पत्रकार तिथे जातात आणि दोन मतदार कार्डे, दोन रेशनकार्डे, दोन सरपंच यांचे फोटो काढतात. २०१९ ची लोकसभा दोन्हीकडे ११ एप्रिललाच होती. २०२४ मध्ये चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचे १३ मेला झाले, म्हणून पुन्हा फोटो निघाले. वाचणाऱ्याला वाटते, या लोकांची चंगळ आहे. दोन्ही हातांनी घेतात.

चंगळ पाहायची असेल तर त्यांना जमिनीचा कागद विचारा. दोन राज्यांचे नळ, दोन राज्यांच्या अंगणवाड्या आहेत. कसलेल्या जमिनीची धड मालकी मात्र दोन्हीकडे नाही. ज्या मातीत आजोबांनी नांगर घातला ती सरकारदरबारी जंगलाची किंवा वादाची. सातबारा नसला की पीककर्ज नाही. पीककर्ज नसले की सावकार. नुकसानभरपाई नाही, विहिरीचे अनुदान नाही. तांदूळ आणि तिकीट द्यायला दोन्ही सरकारे धावतात, कारण त्याने मत मिळते. जमिनीचा कागद दिला की माणूस कायमचा मोकळा होतो, म्हणून तो कोणी देत नाही. हे मी रागाने लिहितो आहे आणि मला ते तसेच म्हणायचे आहे.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ही गावे महाराष्ट्रात पूर्णपणे सामावून घेण्याची घोषणा केली. घोषणेचे स्वागत आहे. पण गावे कुठे जाणार हे ठरवण्याआधी तलाठ्याला पाठवा आणि बांधावर उभे राहून शेताची मोजणी करा. दोन्ही राज्यांनी मिळून मोजा, दोघांनी सही करा. गाव उद्या या राज्यात गेले काय आणि त्या राज्यात गेले काय, कसणाऱ्याचे नाव टिकेल अशी नोंद करा. तिथल्या आदिवासी, दलित, बंजारा आणि मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांना राज्य निवडण्याआधी शेत हवे आहे.

*

काही गोष्टी थोडक्यात.

टिपेश्वर अभयारण्यातला वाघ पैनगंगा पोहून भीमपूर, तामसीकडे येतो. त्याचे राज्य ठरलेले नाही. त्याने माणूस मारला तर मात्र काठ पाहिला जातो. महाराष्ट्रात वारसांना २५ लाख, तेलंगणात १० लाख. तोच वाघ, तीच नदी, तसाच कापूस वेचताना वाकलेला माणूस. दोन्ही वनखाती वाघाच्या हालचालीची माहिती एकमेकांना कळवतात, ती कौतुकाची गोष्ट. आता भरपाईचा आकडाही कळवून घ्या आणि कमी असलेला वर न्या.

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना बस फुकट आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट. दोन्ही योजना चांगल्या, बायका घराबाहेर पडल्या. पण तेलंगणाचे शून्य तिकीट तेलंगणाचा पत्ता असलेल्या कार्डावर मिळते आणि महाराष्ट्राची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. बेल्याची लेक किनवटला दिली. आधारवर सासरचा पत्ता आला. दिवाळीला माहेरी येताना आदिलाबादच्या बसस्टँडवर तिच्या आईचे तिकीट शून्य आणि तिचे पूर्ण. ज्या गावात जन्मली त्या गावच्या बसमध्ये ती परकी ठरते. सीमेवरच्या आगारांच्या गाड्यांत दोन्ही राज्यांचे आधार चालेल, असा एक आदेश दोन परिवहन महामंडळांनी काढावा. एवढेच.

पुराचेही तसेच. ईसापूर धरणाचे दरवाजे महाराष्ट्रात उघडतात, आणि ते पाणी उमरखेड, हिमायतनगर, किनवट करत आमच्या शेतांपर्यंत येते. पैनगंगा फुगली की आमचे नाले उलटे वाहतात आणि कापूस-सोयाबीन पाण्याखाली जाते. २०२२ चा जुलै, २०२३ चा जुलै कोणी विसरलेले नाही. पलीकडच्या शेतकऱ्याकडे २०२३ मध्ये एक रुपयात काढलेला पीक विमा होता. तेलंगणा २०२० मध्येच प्रधानमंत्री पीक विमा योजनेतून बाहेर पडले होते, म्हणून आमच्याकडे काहीच नव्हते. दरवाजे किती उघडले, पाणी किती तासांत पोहोचेल, हे ईसापूरच्या अभियंत्याने थेट आमच्या नदीकाठच्या सरपंचांना मराठीतून कळवावे. त्याला मराठी येते आणि सरपंचांनाही येते. मधे दोन सचिवालयांचे भाषांतर कशाला?

*

कापसावर लिहिल्याशिवाय आदिलाबादचे सदर पुरे होत नाही.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. आकडा चांगला आहे. आता तो मिळवायची वाट पाहा. कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यावर कपात करते आणि १२ टक्क्यांच्या वर घेतच नाही. आदिलाबाद हा तेलंगणातला सर्वांत थंड टापू. दिवाळीनंतर दहिवर पडते, बोंडे सकाळी ओली असतात. मजूर सकाळीच मिळतो, ऊन चढेपर्यंत तो थांबत नाही, कारण त्याला दुसऱ्याच्या शेतात जायचे असते. त्या वर्षी परतीचा पाऊसही लांबला. यंत्र १५ दाखवते, १८ दाखवते. गाडी परत न्यायला भाडे लागते. दाराबाहेर व्यापारी उभाच असतो.

त्यात नोंदणीचे ॲप आले. जमिनीचा कागद, आधार, मोबाइलवर येणारा आकडा, मग खरेदीची तारीख. ठोक्याने शेती करणाऱ्याच्या नावावर जमीन नाही, त्याने काय टाकायचे? ज्याचे घर बेल्यात आणि शेत नदीपलीकडे वणीच्या बाजूला, त्याने कापूस कोणत्या केंद्रावर उतरवायचा? त्यात तेलंगणात एकरी १२ क्विंटलऐवजी ७ क्विंटलच घेण्याची मर्यादा घातली. काळ्या, ओलिताच्या जमिनीत ७ क्विंटलच्या वर कापूस निघतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. उरलेल्या कापसाचे काय, तर तो व्यापाऱ्याला.

आणि हे सगळे चालू असताना १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेने कर लावला म्हणून गिरण्यांना दिलासा द्यायचा होता. गिरणीतल्या कामगाराचे पोट मलाही कळते. पण डिसेंबरपर्यंत म्हणजे आमच्या वेचणीच्या नेमक्या महिन्यांत. दिलासा द्यायला वर्षाचे बाकीचे महिने होते. मे २०२४ मध्ये याच शेतकऱ्यांनी एका वाणाच्या बियाण्यासाठी आदिलाबादेत उन्हात रांगा लावल्या होत्या आणि तिथे पोलीस बोलवावे लागले होते. बियाण्याला रांग, विक्रीला रांग, दोन्हीकडे उन्हात तोच माणूस.

जाता जाता चुनखडीचे. भूगर्भशास्त्रात ज्यांना पैनगंगा गट म्हणतात ते खडक नदीच्या दोन्ही बाजूंना आहेत. पलीकडे गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा इथे त्याच पट्ट्यावर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. अलीकडे केंद्र सरकारच्या सिमेंट महामंडळाचा आदिलाबादचा कारखाना १९९० च्या दशकापासून बंद. कामगार म्हातारे झाले, पोरे कामाला नदी ओलांडून गेली. दर निवडणुकीत कारखाना सुरू करण्याचे वचन मिळते आणि निवडणूक झाली की भंगाराच्या निविदेची बातमी येते. रेल्वेचेही असेच. आदिलाबादहून आपल्याच राजधानीला जाणारी कृष्णा एक्सप्रेस आधी किनवट, मुदखेड, धर्माबाद असा महाराष्ट्र पालथा घालते आणि बासरला पुन्हा तेलंगणात शिरते. निर्मल-आर्मूरवरून सरळ लोहमार्गाची मागणी जुनी आहे. सर्वेक्षणे झाली, रूळ नाहीत.

*

तेव्हा मागणी अशी. मुंबई आणि हैदराबादने चनाखा-कोरट्याच्या करारासारखाच एक करार करावा, पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या माणसांसाठी. त्यात दहावी इकडे आणि बारावी तिकडे शिकलेल्या मुलाला दोनपैकी एका राज्याने आपले म्हणावे. आरोग्याची कार्डे दोन्हीकडे चालावीत. बसमध्ये आधार दोन्हीकडे चालावे. वाघाची भरपाई सारखी असावी. चौदा गावांची मोजणी दोघांनी मिळून करावी. धरणाचा इशारा थेट गावात यावा. या करारासाठी सिंचनाच्या कामाइतका पैसा लागणार नाही, आणि ठेकेदारही लागणार नाही. कदाचित म्हणूनच तो अजून झालेला नाही.

एक गोष्ट मात्र कराराची वाट न पाहता आदिलाबादच्या कलेक्टरला स्वतःच्या अधिकारात करता येते. मराठी माध्यमाच्या प्रत्येक शाळेत किती मुले आहेत, किती मराठी शिक्षक मंजूर आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, याची यादी काढावी आणि बेला, जैनथ, तामसी, तलमडगू, भीमपूरच्या मंडळ कार्यालयांच्या दारावर लावावी. तेलुगूत आणि मराठीत. गोंडी आणि कोलामीच्या शिक्षकांची यादी तिच्या शेजारी. १२ जूनला शाळा उघडतात. यादी त्याआधी लागली पाहिजे, आणि नाही लागली तर त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी प्रजावाणीत पालकांनी मराठीत अर्ज घेऊन जावे. मराठीतला अर्ज नाकारला तर नाकारल्याची लेखी पोच मागावी.